माझ्याच फांद्यांची बाग

मित्रांनो, दगड समजून माझ्यावर पाय देऊ नका. मी एक जुने पोवळे आहे, आणि चांगले जिवंत आहे. उथळ समुद्रात, वाळूच्या पट्ट्याजवळ माझा मुक्काम असतो. माझ्या फांद्यांवर असंख्य इवली तोंडे आहेत, त्यामुळे मी जरा जास्तच बोलते.

एका वर्षी पाणी फार तापले. शेजारपाजार पांढराफटक पडून मेला, मी तेवढे वाचले. तेव्हा दोन बहिणी आल्या. धाकटी समुद्रात बुड्या मारायची, थोरली किनाऱ्यावरच्या खोलीत काचेच्या टाक्या सांभाळायची. माझा चिवटपणा पाहून धाकटीने माझ्या फांद्या तोडल्या आणि आसपासच्या खडकांवर चिकटवल्या. एक फांदी खोलीतल्या टाकीत गेली. तीही मीच, म्हणून तिथले बोलणे मला कळते. कसे, ते विचारू नका.

फांद्या वाढल्या, बाग भरली. लोक फोटो काढायला येऊ लागले. मीही आपली पाठ थोपटून घेतली. आता एकच इच्छा उरली होती, आपल्याला एखादे मूल असावे.

वर्षातून एकदा, पौर्णिमा झाली की, एका संध्याकाळी आम्ही गुलाबी मणी सोडतो. त्यांत अंडीही असतात आणि बीजही. मणी तरंगत वर जातात, फुटतात, आणि एकाचे बीज दुसऱ्याच्या अंड्याला भेटले की जीव धरतो. अंतर जास्त असले की लाटा सगळे पांगवून टाकतात.

त्या संध्याकाळी सारी बाग एकदम मोकळी झाली. धाकटीने पेल्यांत मणी गोळा करून खोलीत नेले. थोरली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. अंडी जशीच्या तशी होती. जीव धरला की अंडे दुभंगते; इथे एकही दुभंगेना.

"पाणी खराब असेल," धाकटी म्हणाली.

"सकाळीच बदललंय गं."

पुढच्या वर्षीही तेच. सगळे मुसळ केरात! पेले धुता धुता थोरली थबकली.

"अगं, ही सगळी बाग तू कशापासून केलीस?"

"त्या एका म्हाताऱ्यापासून. तुला माहितीये की."

"मग हे शेजारी नव्हेतच. हे एकच आहे! आपण त्याला आरशांच्या मधोमध बसवलं आणि म्हटलं, जमव सोयरीक."

धाकटी आधी हसली. मग ओला पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

मित्रांनो, माझे बीज माझ्याच अंड्याला चालत नाही. घोडे पेंड खात होते ते इथेच. एवढ्या गर्दीत मी एकटेच होते, हे मला तेव्हा कळले आणि फार वाईट वाटले.

वाळूच्या पट्ट्यापलीकडे माझ्याच जातीचे आणखी एक पोवळे त्या तापलेल्या वर्षातून जगले होते. वाकडे, माशांनी कुरतडलेले. त्याचा फोटो कोणी काढत नसे. तेही त्याच संध्याकाळी मणी सोडायचे, पण माझ्यापर्यंत येईतो त्यांचा मागमूस उरत नसे.

"त्याच्या फांद्या तोडल्या आणि ते मेलं तर?" धाकटीने विचारले.

"नाही तोडल्या तर दोघंही अशीच संपतील. थोड्याच तोड."

त्या फांद्या माझ्या अगदी शेजारी लागल्या. मी नाक मुरडले नाही असे नाही. पण त्या तगल्या, पलीकडचे म्हातारेही तगले, आणि पुन्हा ती संध्याकाळ आली. या वेळी पेल्यांत दोघांचे मणी एकत्र झाले. थोरलीने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ताई, बोल ना."

"दोन झाले," ती हळूच म्हणाली. "एका अंड्याचे दोन भाग झाले. त्याच्या बाजूचंही दुभंगलं. ते बघ, पुष्कळ आहेत!"

धाकटीने ओल्या हातांनीच तिला मिठी मारली.

मित्रांनो, आम्हाला जपायचे तर नुसती गर्दी जपू नका. जे वेगळे आहे, वाकडे आहे, तेही जपा, आणि आम्हाला एकमेकांच्या जवळ राहू द्या. टाकीत वाढवलेले एक पिल्लू आज माझ्या पायथ्याशी आहे, तुमच्या नखाएवढे. जरासे वाकडेच आहे. या साऱ्या बागेत तेवढे एक माझे आहे, पण मी नाही.