पोटावरची छत्री

मी पोटावरची छत्री बोलतेय. चित्रांत आभाळभर फुललेली दिसते ती पाठीवरची, माझी थोरली बहीण. ती रुसली तरच माणसाला माझी आठवण होते. विमानातून उडी मारणाऱ्याच्या पोटावर गाठोडं होऊन बसायचं आणि आपल्याला कुणी हाक मारायची वेळ येऊ नये म्हणायचं, असा माझा जन्म. आमच्या घराण्यात कुणी पुरात अडकलेल्या गावांवर तांदळाची पोती उतरवली, कुणी औषधं, कुणी तर अख्खी जीपगाडी. मी सोळा वर्षांत काहीच उतरवलं नव्हतं, आणि मला त्याचाच अभिमान होता.

बांडुंगच्या डोंगरांकडे एका लष्करी छावणीत माझी घडी ओमोन नावाचा शिपाई घालायचा. आधी बोटातली अंगठी काढून ठेवायचा, हात धुऊन पुसायचा. मग लांबलचक टेबलावर मला पसरायचा, एकेक दोरी मोजायचा, शिवणींवरून बोटं फिरवायचा. शेवटी माझ्या खिशातल्या कार्डावर तारीख आणि सही. त्या सहीवर माझा फार जीव होता.

तिथे एक रीत होती. उडीच्या दिवशी उडी शिकवणारे उस्ताद अचानक घडीच्या दालनात यायचे. आधी एखाद्या घडीवाल्याकडे बोट दाखवायचे, मग त्यानंच सही केलेल्या एखाद्या छत्रीकडे, आणि म्हणायचे, "चढव आणि मार उडी." त्यामुळे प्रत्येक जण स्वतःलाच उडी मारायची आहे असं समजून घडी घालायचा.

त्या वर्षी रोजे संपत आले होते. ईदेला गावी जायची सगळ्यांना घाई. नेमकं तेव्हाच छप्पर गळलं आणि पाणी माझ्या फळीवर उतरलं. ओमोननं मला चाचपलं. मी आतपर्यंत भिजले होते. नियमानं मला उघडून, मनोऱ्यात टांगून वाळवायला हवं होतं, दोन-तीन दिवसांचं काम. गावची बस तासाभरात सुटणार होती. त्यानं माझं कव्हर रुमालानं पुसलं, "परत आलो की उघडतो हं," असं मला म्हणाला आणि कार्डावर 'तपासली' लिहून सही ठोकली. मी विश्वास ठेवला. मूर्खच मी.

तो परतला तो दिवस नेमका उडीचा. उस्तादांचं बोट आधी ओमोनकडे गेलं, मग माझ्याकडे.

ओमोनचा चेहरा उतरला. "साहेब, पोट बिघडलंय. ईदेला नारळाच्या दुधातली कोंबडी जरा जास्तच झाली."

सगळं दालन हसलं. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ यायान उडीच्या रांगेत उभा होता. तो पुढे आला. "काय हो दाजी, ताईनं वाढलं की तुम्हाला थांबणं माहीतच नाही! आणा ती इकडे. साहेब, यांच्या जागी मी जातो. दाजींच्या हातची घडी आहे, डोळे मिटून उडी मारीन."

उस्तादांनी मान डोलावली. ओमोननं फक्त 'ही ओली आहे' एवढं म्हणायला हवं होतं. शिक्षा झाली असती, दंडावरची फीत गेली असती. त्याऐवजी त्यानं स्वतःच्या हातांनी मला यायानच्या पोटावर बांधलं, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाला, "नीट जा."

वर थोरलीच्या दोऱ्यांना पीळ पडला. यायाननं माझी मूठ ओढली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हाक मारली, आणि मी घडीला घडी चिकटलेला ओला बोळा होऊन बाहेर पडले. धडपडले हो मी, फार धडपडले! भातखाचरं अगदी अंगावर आली तेव्हा कुठे माझी अर्धी बाजू सुटली. चिखलामुळे यायानचा जीव वाचला, पण कंबर कायमची गेली.

चौकशी झाली. मी खाचराच्या पाण्यानं निथळत होते, त्यात आधीची ओल कोण ओळखणार? कार्डावर सही जागच्या जागी होती. "घडी बरोबरच होती," ओमोन म्हणाला, "कापड जुनं झालं होतं." माझ्यावर 'निकामी' असा लाल शिक्का बसला.

यायाननं मला मागून घेऊन घरी आणलं. त्याची आई अंगणात कसाव्याच्या कंदाचे पापड वाळवते, तिथे तिला बसायला वर ताणून बांधलेली मी सावली धरते. दर शुक्रवारी नमाजानंतर ओमोन डबा घेऊन येतो. मेव्हण्याला उचलून बाहेर आणतो, पाय चेपून देतो. वर मात्र कधी बघत नाही.

परवा वाऱ्यानं माझा एक कोपरा सुटला. ओमोन स्टुलावर चढला.

"घट्ट बांधा दाजी," खालून यायान म्हणाला. "हिचा काही भरवसा नाही. तुम्ही एवढी जीव लावून घडी घातलीत, आणि हिनं ऐन वेळी दगा दिला."

ओमोनची बोटं माझ्या शिवणीवर थांबली. मला वाटलं, आता बोलेल.

"हो ना," तो म्हणाला, आणि त्यानं गाठ मारली.

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कधी त्या अंगणात गेलात तर यायानला एवढंच सांगा, की जमीन लागेपर्यंत मी उघडायचीच धडपड करत होते.