मक्याविना पेट्रोल

धाकट्या त्रिनाचं लग्न झालं ते साल १९८३. लग्न लागून वऱ्हाड चर्चबाहेर आलं, की नवरीच्या आईने विमानातून जोडप्यावर गव्हाचे दाणे टाकायचे, असं ठरलं होतं. अल्विना मीन्ट्सने दाणे टाकले. पण त्यांच्या पाठोपाठ विमानही खाली आलं. इंजिन वर असतानाच खोकलं, फडफडलं आणि गप्प झालं. अल्विनाने ते थोरल्या दिराच्या, हाब्बोच्या, सोयाबीनमध्ये उतरवलं. तिला ओरखडाही आला नाही. सोयाबीन मात्र आडवं झालं.

विमान होतं सासऱ्यांच्या हातचं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं, पिवळं. त्याचं म्हातारं इंजिन हलक्या पेट्रोलवर वाढलेलं. ते पेट्रोल विमानतळावरून कधीच गेलं आणि त्याच्या जागी मोठ्या इंजिनांचं, शिसं घातलेलं पेट्रोल आलं. ते शिसं प्लगांवर मण्यांसारखं साचायचं. अल्विनाचा नवरा गेर्ड चष्मा नाकावर ओढून ते मणी सुईने टोकरत बसायचा आणि शेजारी त्याचा चहा गार होऊन जायचा.

दुसऱ्या दिवशी हाब्बो दारात उभा राहिला.

"बास झालं आता. बाबा काय म्हणाले होते, आठवतं ना?"

आठवत होतं. दोघा भावांच्या शेतांमधून गवताची लांब पट्टी जायची. विमान तिथूनच उडायचं. जमीन हाब्बोच्या नावावर, पण जाताना म्हाताऱ्याने दोघांकडून वचन घेतलं होतं, विमान उडतंय तोवर गवत राहील, उडायचं थांबलं की खुशाल नांगर घाला. काळीभोर माती. हाब्बो वर्षानुवर्षं तिच्याकडे बघून उसासे टाकत होता.

"मक्याच्या जत्रेला सगळ्यांसमोर उडव. चर्चच्या मनोऱ्याला फेरी मारून परत इथेच उतर. नाही जमलं तर सोमवारी नांगर."

"आणि जमलं तर?" अल्विनाने विचारलं.

"जमायचं नाही," हाब्बो म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

 त्या रात्री जेवून उठताना गेर्ड म्हणाला, "गाडीचं पेट्रोल घालून बघू. आपल्या इंजिनाला परवानगी आली आहे."

सरकारी परवानगी खरंच आली होती. अट एकच, पेट्रोलमध्ये स्पिरिट, म्हणजे दारूचा अर्क, नको. स्पिरिटने जुनं रबर फुगतं आणि कार्ब्युरेटरातलं बूच कुजतं. पण गावात पंप एकच, सोसायटीचा. सोसायटीचा अध्यक्ष हाब्बो. पेट्रोलमध्ये मक्याचं स्पिरिट मिसळायचा ठराव त्यानेच हात वर करून पास करून घेतला होता. पंपावर हसरं कणीस रंगवलेलं होतं. मक्यावर जगणारं गाव, तिथे मक्याविना पेट्रोल मागणं म्हणजे चर्चमध्ये बसून शिट्टी वाजवणं.

अल्विना कॅन घेऊन लांब हायवेवरच्या पंपावर जाऊ लागली. असली गोष्ट लपते थोडीच. सोसायटीच्या काउंटरवर हाब्बोने चारचौघांत तिला गाठलं.

"काय गं, आपला मका कडू लागतो का तुला?"

"माझा मका डुकरांना चालतो, तुला चालतो. विमान जरा चोखंदळ आहे."

मागची माणसं खोकल्याच्या आडून हसली.

घरी आणलेला प्रत्येक कॅन ती तपासायची. लोणच्याच्या बरणीत थोडं पाणी, पाण्याच्या पातळीवर काळी रेघ, वरून पेट्रोल, मग हलवायचं आणि थांबायचं. पेट्रोलात स्पिरिट असेल तर ते पाण्यात उतरतं आणि पाणी रेघेच्या वर चढतं. पाणी रेघेवरच राहिलं तरच टाकी उघडायची. जुलैभर इंजिन मांजरासारखं गुरगुरलं. प्लग उघडले तर बिस्किटाच्या रंगाचे निघाले. गेर्डने सुई परत शिवणाच्या डब्यात ठेवून दिली.

जत्रेच्या आदल्या दिवशी कॅन रिकामे होते आणि त्यांचा ट्रक बंद पडला. हाब्बो स्वतःहून म्हणाला, "मी शहरात चाललोच आहे. हायवेवरून आणतो तुझं पेट्रोल. उद्या म्हणू नकोस, हाब्बोने आडकाठी केली."

जत्रेला सगळा गाव गवताच्या कडेला जमला. हातात उकडलेली कणसं, हनुवटीवर लोणी. हाब्बोने सर्वांसमोर कॅन आणून ठेवला. अल्विनाने बरणी काढली.

"माझ्या कॅनला बरणी लावतेस? गावासमोर?"

"पास्टरने आणला असता तरी लावली असती."

तिने बरणी हलवली आणि खाली ठेवली. पाणी रेघेच्या चांगलं वर गेलं होतं.

हाब्बोचा चेहरा बिटासारखा झाला. "शपथेवर सांगतो, हायवेवरूनच आणलंय!"

"कॅन कुठला?"

"माझा. ट्रॅक्टरचा." तो अडखळला. "तळाला थोडं सोसायटीचं होतं. चांगलं पेट्रोल काय मातीत ओतू?"

कुणी हसलं नाही. तिथल्या एकाही माणसाने ते ओतलं नसतं.

अल्विना गर्दीकडे वळली. "हायवेवर टाकी भरलेली गाडी कुणाची आहे?"

सगळे कणसाचे दाणे मोजू लागले. अध्यक्षासमोर, मक्याच्या जत्रेत, कोण कबूल करणार? ऊन रणरणत होतं. सोमवार समोर दिसत होता. शेवटी मागून एक हात हळूच वर आला.

"माझी आहे," पास्टर म्हणाले. "परवा बहिणीकडून येताना भरली. देवाने क्षमा करावी."

गेर्डने पास्टरांच्या टाकीत नळी घातली आणि तोंडाने ओढून पेट्रोल काढलं. बरणी पुन्हा हलली. पाणी रेघेवरून केसभरही सरकलं नाही.

"बघून घ्या," गेर्ड थुंकत म्हणाला, "पास्टरच्या पोटात दारूचा टिपूस नाही!"

अख्खा गाव हसला. पास्टर सगळ्यांत जोरात हसले.

टाकी भरली. अल्विनाने मागच्या सीटकडे बोट दाखवलं. "हाब्बो, चढ."

"मी? कशाला?"

"खाली राहिलास तर म्हणशील, मनोरा हुकला."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? तो चढला आणि डोळे मिटून घेतले. गेर्डने पंख्याला हात घातला, एकच झटका दिला, इंजिन पेटलं. गवत मागे पळालं, चाकं सुटली. खालून आरोळी उठली ती इंजिनाच्या आवाजातही ऐकू आली. मनोऱ्याला फेरी घातली तेव्हा पास्टर धावत जाऊन घंटा बडवत होते.

परत वळताना हाब्बोने डोळे उघडले. खाली दोघांचा मका हिरवागार पसरला होता आणि मधून गवताची फिकट पट्टी.

"बाबांना हे असं दिसायचं?" तो ओरडला.

"रोज!"

इंजिन एकदाही खोकलं नाही. विमान अलगद उतरलं, टोप्या हवेत उडाल्या, कुणीतरी कणीसही उडवलं. हाब्बो पंखाला धरून खाली उतरला. तरी छाती काढून म्हणाला, "नांगर राहू दे. गवत वाढलंय फार, कापायला हवं."

सोमवारी तो खरंच गवत कापायचं यंत्र घेऊन आला. पुढे दर उन्हाळ्यात ते काम त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पंपावर मात्र कणीस हसतच राहिलं, आणि कोपऱ्यात मक्याविना पेट्रोलची एक छोटी टाकी आली. तिचा ठरावही हाब्बोनेच मांडला.

हाब्बो मीन्ट्स १९९१च्या मार्चमध्ये वारला, तोवर त्या गवताला नांगर लागला नव्हता.