चहा गार व्हायच्या आत

"सोड!" सुकाणूवरून नवरा ओरडला आणि तिने साखळी सोडली.

नांगर धबकन पाण्यात गेला, मागोमाग साखळी खडखडत गेली. नवऱ्याने बोट हळूहळू मागे घेतली. तिने नेहमीसारखं ओणवं होऊन साखळीवर तळवा ठेवला. नांगराने तळ धरला की साखळी ताणून गप्प होते, घसरत असला की थरथरते. ती थरथर ओळखणं एवढंच तिचं काम. बाकी सगळा कारभार त्याचा.

साखळी थरथरत होती.

"नाही धरला हो!"

"मग घे वर. काहीतरी अडकलं असेल."

ती साखळी वर ओढायचा रहाट फिरवू लागली. खाडी फोटोत काढली असती तर कुणीही भाळलं असतं. ना लाट, ना वारा, वळणापलीकडे गावातली चार छपरं. पण फोटोला वास येत नाही. ओहोटीने उघडा पडलेला काळा चिखल, झुडपांना लोंबणाऱ्या पिशव्या, आणि नासलेल्या दुधासारखा तो आंबूस दर्प!

"शी! माणसं आहेत की कोण? स्वतःच्या दारात अशी घाण करायला लाज कशी वाटत नाही यांना?"

"लाज? गावाने लाज केव्हाच गुंडाळून ठेवलीय!" मागून नवऱ्याने जोरात साथ दिली.

तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. हल्ली तो बोलला की तिला बरंच वाटायचं. उद्या सकाळी शहरातल्या घराची किल्ली नव्या मालकाच्या हातात द्यायची आणि कायमचं बोटीवर राहायला यायचं, हे ठरलं होतं. दोन वर्षं ती अडून बसली होती. "तुमच्या हौसेपायी मी उघड्यावर पडणार नाही," असं तोंडावर सांगितलं होतं तिने. ती विरघळली ते इथेच, याच खाडीत. मागे इंजिनाचा एक भाग येईपर्यंत आठवडाभर ते इथे नांगर टाकून होते, आणि ज्या माणसाने जन्मात स्वतःचा कप उचलला नव्हता, तो रोज संध्याकाळी न सांगता कचऱ्याची पिशवी उचलून छोट्या होडीतून धक्क्यावर टाकायला जायचा. जायचा काय, वळणाआड दिसेनासा व्हायचा आणि चहा गार व्हायच्या आत शीळ घालत परतही यायचा. तिने बहिणीला फोन करून सांगितलं होतं, "बोटीने माणूस सुधारला गं!"

"मलाही एखादी बोट बघ मग," बहीण म्हणाली होती.

नांगर पाण्यावर आला. त्याला चिखलाचा गोळा चिकटला होता, आणि गोळ्यातून ओहोटीने ओढत आणलेली एक फुगलेली पिशवी लोंबत होती. फाटक्या कडेतून काळपट पाणी गळत होतं. तिला शिसारी आली. नाक दाबून तिने काठीने ती बादलीत पाडली आणि वर बादलीभर पाणी मारलं.

चिखल ओघळला. पिशवीच्या तोंडाशी पिवळी चिंधी होती, निळ्या फुलांची.

निजायच्या खोलीचा जुना पडदा तिने स्वतः फाडला होता. प्लास्टिकची दोरी निसटते म्हणून कचऱ्याच्या पिशव्या ती त्याच चिंध्यांनी बांधायची, दुहेरी गाठ मारून. गाठ तिचीच होती. चिंधीच्या टोकाला मात्र वजनाला एक गंजका नट बांधलेला होता, मुठीएवढा. तो तिचा नव्हता.

"काय निघालं गं?"

"कचरा."

"बघितलंस? वाट लावलीय नुसती खाडीची!"

तिने नांगर पुन्हा सोडला. या वेळी साखळी ताणली आणि गप्प झाली.

"धरला," ती म्हणाली.

इंजिन बंद करून, हात पुसत तो पुढे आला. बादलीत त्याची नजर गेली आणि पुसणारे हात थांबले. वास आता दोघांच्या मध्ये उभा होता.

"अगं, ते... त्या दिवशी भरती होती. आणि धक्का किती लांब आहे, तुला कल्पना नाही."

"रोज भरती होती?"

त्याने बादलीच्या कडीकडे हात नेला.

"आण ती. मी टाकून येतो आत्ता," तो म्हणाला.

"राहू द्या."

ती खाली केबिनमध्ये गेली. आजची पिशवी बांधली. बाहेर येताना खुंटीवरची घराची किल्ली काढून कुर्त्याच्या खिशात टाकली. मग बादली आणि पिशवी होडीत ठेवून स्वतःही उतरली.

"किल्ली कशाला घेतलीस? उद्या दोघांनी मिळून द्यायचीय ना?"

तिने दोर सोडला. वल्ही तिला नीट जमत नव्हती. होडी आधी एका अंगाला फिरली, मग सरळ झाली. वळणापर्यंत पोहोचेतो तिचे खांदे भरून आले. वळणापलीकडे तिने मान वळवून बघितलं. धक्का दूरवर नखाएवढा दिसत होता.

"चहा टाकू का?" मागून त्याची हाक आली. "येशीलच ना एवढ्यात?"

"नका टाकू," ती म्हणाली. "गार होईल."