निळीची उडी

उजव्या गुडघ्यावर एक चुणी पडली होती. अगदी बारीक, आडवी, कातडीच्याच रंगाच्या घट्ट मोज्यांवर. मोजे दोन घातलेले, एकावर एक, कारण फेब्रुवारीत दगडखाणीत वीतभर झग्यात उभं राहायचं तर दुसरा उपाय नाही. मिसाओ ती चुणी अंगठ्यानं वर सरकवत होती आणि अंगठा उचलला की ती पुन्हा जागच्या जागी येऊन बसत होती. या चुणीबद्दल लोकांनी इंटरनेटवर लिहिलं होतं. मालिकेचा तिसरा भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी चित्र थांबवून, मोठं करून, गुडघ्याभोवती लाल गोल काढून टाकला होता : निळीच्या गुडघ्यावर सुरकुती! कार्टूनमध्ये असं कधीच नव्हतं! खाली चार हजार जणांची हळहळ. कसं असेल? कार्टूनमधल्या निळीला गुडघाच नव्हता. मांडी संपायची, पोटरी सुरू व्हायची, मधल्या दोन रेषांचासुद्धा चित्रकाराला कंटाळा. मला आहे ना गुडघा. दोन आहेत, आणि त्यातला एक दोनदा उघडून शिवलेला आहे, या आणि बघून जा.

‘घुंगुरकन्या’ अठ्ठावीस वर्षांपूर्वी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला लागायचं. पाच शाळकरी मुली, मनगटाला एकेक घुंगरू, ते वाजवलं की गणवेश जाऊन रंगीत झगे यायचे आणि मग राक्षसांची धडगत नसायची. आता तेच खऱ्या माणसांना घेऊन करत होते. हजारांतून निवडलेल्या पाच पोरी घुंगरू वाजवायच्या, रडायच्या, मैत्रीच्या आणाभाका घ्यायच्या, आणि मारामारी आली की गरम गाडीत जाऊन बसायच्या. त्यांच्या जागी तोच झगा, तोच निळा नाहीतर तांबडा केसांचा टोप घालून दुसरी माणसं यायची. निळीच्या जागी त्सुनोदा मिसाओ, वय एकोणचाळीस. निळीचं वय चौदा.

यातला नियम एकच, आणि तो सगळ्यांत आधी शिकवतात — चेहरा दाखवायचा नाही. लाथ मारताना केस पुढे येऊ द्यायचे, वळताना खांदा वर घ्यायचा, पडताना हनुवटी छातीत. अठरा वर्षं. इतकी मुरली ती सवय, की धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या एकाही फोटोत मिसाओचा चेहरा नव्हता. सगळं घर ओळीनं उभं आहे आणि कडेला एक बाई मान वळवून दुसरीकडेच कुठेतरी बघते आहे. बहीण अजून बोलते. “ताई, एवढं काय वाईट वाटत होतं तुला माझ्या लग्नाचं?” वाईट कसलं... कॅमेरा समोर आला आणि मान गेली, एवढंच. ते बहिणीला कधीच समजावता आलं नाही.

“सुप्रभात!” कुणीतरी ओरडलं. दुपारचे बारा वाजून गेले होते, पण या धंद्यात पहिली भेट होईल तेव्हा सकाळ. मिसाओनं न बघताच “सुप्रभात” म्हटलं, आणि मग बघितलं तर हिनारी उभी होती, खरी निळी, म्हणजे चेहऱ्याची निळी, सतरा वर्षांची. पायघोळ कोटाच्या बाहीतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती.

“मिसाओ-सान, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“गुडघ्याबद्दल असेल तर रागावेन.”

“नाही, नाही!” ती खरोखरच घाबरली. “आज तुम्ही कड्यावरून उडी मारणार ना. मग उद्या माझा चेहरा घेणार आहेत, जवळून, पंखा लावून. तर... हवेत असताना तुमचा चेहरा कसा असतो? मला तसाच करायचाय. मी आपली ओरडते नुसती. ते खोटं दिसतं, माझं मलाच कळतं.”

मिसाओ काहीतरी बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की बोलायला काही नाहीच. खांदे कसे असतात ते सांगता आलं असतं. टाच कधी सोडायची, श्वास कुठे धरायचा, सगळं. चेहरा... अठरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

“तालमीत बघून सांगते,” ती म्हणाली. हिनारीनं कमरेत वाकून आभार मानले, एखाद्या आजीबाईचे मानावेत तसे.

आणि तिथेच चुकलं. साडेतीनच्या तालमीत, अर्ध्या उंचीवरून, हवेत असताना मिसाओनं स्वतःच्या चेहऱ्याचा विचार केला. ओठ मिटलेत का, भुवया कुठे आहेत... एवढ्यात मान वळायची राहून गेली, ती थेट कॅमेऱ्याकडे बघत खाली आली आणि गादीवर उजव्या पायावर उतरली. गुडघ्यात कळ आली नाही, आवाज आला. तो तिनं खोकून झाकला. पण चेहरा झाकायला उशीर झाला होता, तो छोट्या पडद्यावर सगळ्यांनी बघितला. उशिरा डबे उघडून बसलेल्या मंडळींत कुणीतरी भाताचा घास तोंडाशी नेता नेता थांबलं, तेही तिला वरून दिसलं होतं.

कुराहाशी-सान आधी पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावलं, मग तिला खडीच्या ढिगामागे घेऊन गेले. अठ्ठावन्न वर्षांचे, मारामाऱ्या बसवणारे, तिचे गुरू. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या सगळ्या चमूंनी तिला हसून परत पाठवलं होतं, कारण मुलींची कामं पुरुषांनीच करायची असा तेव्हाचा रिवाज. मुलगी कशी दिसली पाहिजे हे मुलीपेक्षा पुरुषालाच जास्त कळतं, असं तोंडावर सांगायचे. कुराहाशी-सान स्वतः पंधरा वर्षं झगा घालून राजकन्या झालेले. ते म्हणाले होते, “ये. बघू बाईला बाई होता येतं का.” त्या एका वाक्यावर ती आजवर जगली होती, आणि त्यांच्याविरुद्ध एक शब्द कधी काढला नव्हता.

“चेहरा दाखवलास,” ते म्हणाले.

“हो.”

“गुडघापण गेलाय.”

“गेलेला नाही. कुरकुरतोय.”

“मला शिकवू नकोस. हे बघ, सुरुंगाचा बार एकदाच भरलाय. कडा एकदाच उडणार, परत घेता येणार नाही. तिथे तू मान विसरलीस तर सगळं पाण्यात.” त्यांनी तिच्याकडे न बघता तळहात पुढे केला. “टोप काढ. तेप्पेइ मारेल उडी. तू खालची लढाई कर, ती काय थोडी आहे?”

थोडी नव्हती. पण निळीची उडी ती निळीची उडी. त्या कार्टूनच्या शेवटच्या भागात बाकीच्या चौघी हरून पडलेल्या असताना निळी एकटी कड्यावर चढते, तिचं घुंगरू फुटलेलं असतं, जादू संपलेली असते, आणि तरी ती उडी मारते. तोत्तोरी जिल्ह्यातल्या तिच्या बंदराच्या गावात आईचं न्हाव्याचं दुकान होतं, मागच्या खोलीत टीव्ही, आणि त्या दिवशी दाढीला साबण लावलेला एक कोळीसुद्धा खुर्चीतून उठून मागे येऊन उभा राहिला होता. गरम रुमाल मानेवर तसाच. आई वस्तरा धरून दारात. अकरा वर्षांच्या मिसाओला तेव्हा एवढंच कळलं होतं की ही मुलगी जादू नसताना उडी मारते आहे. दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात ती म्हणाली, मी निळी होते. पोरींनी तिच्याकडे बघितलं... बसकं नाक, मुलांहून उंच... आणि अगदी मायेनं म्हणाल्या, “तुझा चेहरा निळीचा नाहीये गं. तू राक्षस हो. राक्षस तुला छान जमतो.” ती राक्षस झाली. सबंध वर्षभर झाली, आणि मार खाऊन पडायला शिकली. पोटापाण्याला तेच आलं, ही गोष्ट वेगळी.

तेप्पेइ तिला गाडीमागे भेटला. त्याच चमूतला, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, मनानं चांगला, तोंडाचा फाटका. घोंगडीत गुंडाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

“मिसाओ-सान, माझ्यावर चिडू नका हं. मला विचारलं, मी हो म्हटलं. तुमच्यासारखी नाही जमणार, पण आता एवढे पायाचे केस काढलेत, आग आग होतेय नुसती, ते तरी वाया नको जायला!”

“कधी काढलेस?”

“काल. आंघोळीच्या वेळी. बायको म्हणाली, माझ्यापेक्षा...” तो थांबला. हातातली कॉफीची बाटली त्यानं उगाचच हलवून बघितली. त्याला कळलं होतं.

काल. म्हणजे आजच्या तालमीच्या आधी. मान वळायची राहिली त्याच्या आधी, गुडघ्यात आवाज झाला त्याच्या आधी, हिनारीनं विचारलं त्याच्याही आधी. काल संध्याकाळी कुराहाशी-साननी तिला घरी सोडलं होतं, गाडीत नेहमीप्रमाणे बेसबॉलवर बोलत होते, उतरताना म्हणाले होते, “नीट झोप, उद्या मोठी उडी आहे.” आणि मग तेप्पेइला फोन केला असेल. पाय साफ करून ये... मिसाओला राग आला. इतका सरळ, इतका स्वच्छ राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. ती कुराहाशी-सानच्या बाजूनं विचार करून बघायला लागली — काळजी असेल, वय झालं, दोन शस्त्रक्रिया — आणि मध्येच तिनं तो विचार करणं थांबवलं. त्यांच्या बाजूनं विचार करायला ते आहेत. माझ्या बाजूनं कोण आहे? मीच आहे.

“आग होते तिथे मलम लाव,” ती तेप्पेइला म्हणाली, “आणि पॅन्ट घाल. सर्दी होईल.”

मग ती चालायला लागली. टोप काढायच्या तंबूकडे नाही, कड्यावर जायच्या वाटेकडे. कुणी अडवलं नाही, कारण टोप घातलेली निळी कड्याकडे निघाली तर त्यात अडवण्यासारखं काय आहे? वाट खडीची होती आणि निळीच्या बुटांना टाचा. प्रत्येक पावलाला गुडघा आपलं म्हणणं मांडत होता आणि ती त्याला म्हणत होती, ऐकलं, पुढे बोल. कार्टूनमधली निळी चढली तेव्हा वारा नुसता केसांत होता. इथे तो झग्याखालून पोटापर्यंत जात होता आणि नाक गळत होतं. ती निळी वजनाशिवाय चढली होती, वजनाशिवाय पडली होती, आणि लोकांना तसलीच हवी होती. चोपन्न किलोची नको होती. मिळेल मात्र चोपन्न किलोचीच. दोन मजले वरून येईल आणि आदळेल तेव्हा तुमच्या घरातला चहा हिंदकळला पाहिजे.

वर पोचली तेव्हा ऊन खाणीच्या पश्चिमेच्या कडेला टेकलं होतं. वीस मिनिटं, फार तर. निळा टोप डिंकानं आणि पिनांनी बसवलेला असतो, तो एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायला अर्धा तास जातो. हा हिशेब ती खालीच करून आली होती. त्यात तिला लाज वाटली नाही.

“मिसाओ!” खालून कर्ण्यातून आवाज आला. “तिथे काय करतेयस?”

“निळीचं काम!” तिला कर्ण्याची गरज नव्हती.

“खाली ये. सांगतोय ना, खाली ये.”

“तेप्पेइच्या पायांना काल विचारलंत, माझ्या पायांना आज!”

खाली साठ माणसं होती आणि सगळी एकदम आपापल्या कामात गढली. एकटे कुराहाशी-सान वर बघत होते. अंतर इतकं, की त्यांच्या तोंडावर काय आहे ते दिसत नव्हतं. दिग्दर्शक त्यांच्याजवळ येऊन मावळतीकडे हात करून काहीतरी बोलला, पुन्हा बोलला. कुराहाशी-साननी कर्णा तोंडाशी नेला, खाली घेतला. मिसाओ थांबली. माफी मागावी असं एकदा जिभेवर आलं, अठरा वर्षांच्या सवयीनं. ते तिनं तिथेच ठेवलं.

“...डाव्या पायावर उतर,” कर्णा म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “मूर्ख बाई.”

माणसं पळायला लागली. गाद्या सरकल्या, बार लावणारे हात वर करून मागे गेले. मिसाओ कडेला आली. कॅमेरा खाली, उजवीकडे, लाल कापड बांधलेला. आणि त्याला अगदी लागून हिनारी उभी होती. गरम गाडी सोडून आली होती. तिनं कोट का काढून टाकला होता कोण जाणे, अंगावर तोच निळा झगा, उघडे हात, आणि ती मान उंच करून बघत होती. मिसाओच्या पायांकडे बघत नव्हती. चेहऱ्याकडे बघत होती.

डावीकडे वळली मान, तर सगळं नेहमीसारखं. उडी चांगली होईल, कुराहाशी-सान उद्या बेसबॉलवर बोलतील, आणि पोरीला सांगायला मिसाओजवळ काही नसेल. नाही वळली, तर बार एकच, कडा एकच... शेवटच्या भागात लाखो घरांत निळीच्या टोपाखाली एका एकोणचाळीस वर्षांच्या, बसक्या नाकाच्या बाईचा चेहरा. लाल गोल काढतील. काढू देत. पण साठ माणसांचं काम आहे ते, आणि कुराहाशी-सानचं नाव. तेही खरं होतं, आणि रागानं ते खोटं होत नव्हतं.

“पाच!” खालून आकडे सुरू झाले.

गुडघा गप्प झाला होता. थंडी कुठे गेली कळलं नाही. मिसाओनं श्वास घेतला, धरला, टाच उचलली, आणि मग तिला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. अठरा वर्षं ही मान तिला न विचारता वळत आली होती. कॅमेरा दिसला की गेली, लग्न म्हणू नये, सण म्हणू नये. आता कॅमेरा समोर होता, चार झाले होते, तीन झाले होते, आणि मान जागच्या जागी होती. ती कुठेही जात नव्हती. मिसाओ काय सांगते याची वाट बघत होती.