पत्रिकेत राहिलेलं नाव

पांढुर्ण्यात लग्न जमलं की आधी मंगल कार्यालय, मग आचारी आणि मग गजेंद्र खोडे, असा क्रम वीस वर्षं ठरलेला होता. बाजारामागे त्याचा छापखाना, 'रामाजी ऑफसेट'. रामाजी म्हणजे त्याचे वडील. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्या मशीनमधून निघाली होती. मग लोकांना अवदसा आठवली आणि ते मोबाइलवर सनई वाजवणारी, फुलं उधळणारी पत्रिका पाठवायला लागले. छापील पत्रिका उरली ती गणपतीपुढं ठेवण्यापुरती. गजेंद्र दिवसभर मशीन पुसत बसायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलला शिव्या घालायचा.

अशात सौंसरला व्यापाऱ्यांच्या एका शिबिरात त्याला केतन भेटला. हा केतन व्यक्तिमत्त्व-विकासाचा तज्ज्ञ. त्याचा स्वतःचा विकास नेमका कुठं झाला ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण मे महिन्यातही कोट घालायचा, म्हणजे सोसायची तयारी होती बिचाऱ्याची.

"काका, पॉडकास्ट सुरू करा," तो म्हणाला. "एक माइक घ्या, अन् बोलत राहा. सगळे दरवाजे उघडतेत. धंद्याचेही अन् घरचेही."

घरचा दरवाजा म्हटल्यावर गजेंद्रनं कान टवकारले. कारण त्याच्या घरचा एक दरवाजा खरोखरच बंद होता.

छापखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे त्याचे थोरले भाऊ विजय राहायचे. निवृत्त हेडमास्तर. मधल्या दारातून पूर्वी भाजीची वाटी इकडून तिकडं जायची. सहा वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी कड्या लागल्या आणि गजेंद्रनं आपल्या बाजूला जुन्या पत्रिकांच्या नमुन्यांचा लोखंडी रॅक आडवा लावला. कारण काय, तर त्याच्या मोठ्या मुलीच्या, उर्वशीच्या लग्नाची पत्रिका. त्या पत्रिकेत मामे होते, मावसे होते, चुलत आत्याचे जावई होते, मंडपवाला राजूसुद्धा होता. फक्त 'विनीत' या शब्दाखाली, सगळ्यात वर, जिथं थोरल्या भावाचं नाव पाहिजे, तिथं ते नव्हतं. स्वतःचा छापखाना असलेल्या माणसाच्या पत्रिकेत सख्ख्या भावाचं नाव नाही!

आता बाहेरच्याला वाटेल, एवढं काय त्यात? अहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दगडफेकीत, गोटमारीला, नदीपलीकडच्या सावरगाववाल्यानं डोकं फोडलं तरी आमचा माणूस टाके घालून पोळ्याच्या पुरणपोळ्या खातो आणि दिवाळीत त्याच्याच घरी चहा पितो. पण पत्रिकेत नाव राहिलं तर? ते मेल्यावरच मिटतं, आणि तेही तेरवीच्या पत्रिकेत नाव असलं तर.

"कंप्युटरनं ओळ खाल्ली," असं गजेंद्र सगळ्यांना सांगायचा. विजयभाऊ लग्नाला आले नाहीत. बोलणं बंद झालं.

आता धाकटी प्रणाली. सौंसरला बँकेत होती, रामाकोन्याचा मुलगा पसंत केला होता. विजयभाऊंना ती मोठे बाबा म्हणायची. तिनं बापाला समोर बसवून सांगितलं, "बाबा, वर मोठ्या बाबांचं नाव नसन तर माही पत्रिकाच छापू नका. अन् त्यायले विचारल्याशिवाय टाकूही नका. तुम्ही स्वतः जाऊन विचारा."

गजेंद्रनं रॅककडे पाहिलं. दार चार हातांवर होतं. पण चार हातांवरची कडी काढण्यापेक्षा दुनियाभरचे दरवाजे उघडणं त्याला सोपं वाटलं. त्यानं माइक मागवला.

पॉडकास्टचं नाव 'शुभारंभ विथ गजेंद्र'. जागा रॅकजवळची, कारण तिथं रस्त्याचा आवाज पोचत नव्हता. माइक तोंडापुढं आला की हा वऱ्हाडी माणूस एकदम पुण्याचा व्हायचा. "रसिक श्रोतेहो, सुस्वागतम! आज आपण संवाद साधणार आहोत..." आपल्याच बायकोला कळू नये असं बोलायचा. मंगल कार्यालयाचे मालक अरविंदभाऊ आले, त्यांनी पाऊण तास गाड्या कुठं लावायच्या ते सांगितलं. एक नगरसेवक आले, भाषण ठोकलं आणि शेवटी विचारलं, "कॅमेरा कुठं आहे?" नाही म्हटल्यावर चहा न पिता गेले. कोणी पाहुणा नसला की गजेंद्र स्वतःचेच किस्से सांगायचा, त्यात कंप्युटरनं ओळ खाल्ल्याचा किस्साही रंगवून. मध्येच भिंतीपलीकडून रजनीवहिनींच्या कुकरची शिट्टी व्हायची.

ऐकणारे किती? एक. प्रत्येक भाग टाकला की तासाभरात आकडा एकवर यायचा आणि तिथंच गोठायचा.

"तू ऐकून राह्यली का?" त्यानं बायकोला, विजयमालाला विचारलं.

"मी घरात फुकटात ऐकतो तुम्हाले. मोबाइलवर काहून ऐकू?"

केतन फोनवर म्हणाला, "काका, एक म्हणजे निष्ठावान श्रोता. पण तुमच्यात भावना कमी पडून राह्यली. रडा. माणूस रडला की ऐकणारे वाढतेत."

रडायचं ठरलं. अठराव्या भागाला बोरगावचा एक बँडवाला यायचा होता, तो आलाच नाही. म्हणून गजेंद्रनं विजयमालालाच पाहुणी म्हणून बसवलं. खिशात अर्धा कांदा ठेवला. बाईंनी वास ओळखला.

"तर रसिकहो," गजेंद्र सुरू झाला, "आज माझ्या अर्धांगिनी मला काही प्रश्न..."

"एकच विचारतो," विजयमाला म्हणाली. "उर्वशीच्या पत्रिकेत मोठ्या भाऊजींचं नाव कसं राहिलं?"

"ते तर... कंप्युटरनं ओळ खाल्ली."

"बत्तीस वर्षं झाले, तुमच्यासंग संसार करून राह्यली मी. तो कंप्युटर बाकी कोणाचीच ओळ खात नाई. एकदा तं खरं बोला, माणसा!"

गजेंद्रनं कांदा खिशातच दाबला. माइकवरचा लाल दिवा चालू होता. तो उठला असता, पण समोर रॅक, बाजूला बायको, जाणार कुठं? आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते पुण्याचं नव्हतं.

"मीच काढली ती ओळ. भाऊ प्रूफ पाहाले आले. दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं. भाऊनं खिशातला लाल पेन काढला अन् त्याच्यासमोर मले विचारलं, 'आशीर्वाद'चा रफार कोणत्या अक्षरावर येते. मले सांगता नाई आलं. म्हणे, बापाच्या नावाचा छापखाना चालवतं, पोरीच्या पत्रिकेत तरी शुद्ध लिही. गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. भाऊ गेले अन् मी त्यायचं नाव उडवलं. सकाळी परत टाकीन म्हटलं. सकाळी विसरलो नाई, बरं का. सकाळीही रागच होता. छापून टाकलं. मग लग्नात, अक्षता टाकतानी मागं पाहिलं, तं भाऊची जागा रिकामी. तवापासून कोणाचीही पत्रिका छापतानी मी वरची ओळ वाचत नाई. वाचवतच नाई."

तो रडला. कांद्याची गरज पडली नाही. विजयमालानं पदर पुढं केला आणि म्हणाली, "आता हे टाका त्या मोबाइलवर. एक शब्द काढाल तं पाहा." त्यानं टाकलं, आणि हात पोळल्यासारखा मोबाइल दूर ठेवला.

तासाभरात आकडा एक झाला. संध्याकाळपर्यंत चारशे. तिसऱ्या दिवशी अख्खं पांढुर्णं आणि अर्धं सौंसर गजेंद्रच्या रडण्यावर बोलत होतं. दारं उघडली म्हणजे काय, धडाधड उघडली! नगरसेवकाचा फोन आला, "माझा पण रडायचा एक भाग घ्या." महिला मंडळानं त्याला उखाण्याच्या स्पर्धेला परीक्षक नेमलं. आणि धंदा? लोक जुन्या पत्रिका घेऊन छापखान्यात यायला लागले. कोणी मोठ्या साळ्याला गाळलं होतं, कोणी आत्याला. सगळ्यांना तीच पत्रिका नाव घालून पुन्हा छापून पाहिजे होती, लग्नाला पंधरा-पंधरा वर्षं झालेली असली तरी. एक गृहस्थ तर घटस्फोटानंतर आले. केतननं फोनवर याला 'नवा बाजार' म्हटलं आणि आपला वाटा विचारला.

सगळी दारं उघडली, रॅकमागचं सोडून. तिकडून कुकरची शिट्टी तेवढी ऐकू यायची. गजेंद्र प्रणालीच्या पत्रिकेचं प्रूफ काढून बसला होता, 'विनीत'खालची वरची ओळ कोरी ठेवून. पैसा येत होता, जेवण जात नव्हतं. भाऊंनी ऐकलं असेल तर ते कायमचेच तुटले, असं त्याला वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी सकाळी सावरगावचा एक माणूस मामाचं नाव घालून घ्यायला बसला होता. रॅकच्या मागून ठकठक झाली. मग कडी वाजली, पलीकडची.

गजेंद्र धावला. रॅक ओढताना वीस वर्षांचे नमुने अंगावर कोसळले. गणपतीवर गणपती पडले. त्यानं आपली कडी काढली. दार फुगलं होतं, हलेना.

"तुमच्याकून ढकला, भाऊ!" सहा वर्षांत भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

दार उघडलं. विजयभाऊ उभे होते, बनियनवर, काखेत शाळेची दोनशे पानी वही. आत आले, खुर्चीत बसले आणि वही उघडली. प्रत्येक भागाला एक पान. 'भाग पहिला: सुस्वागतम नव्हे, स्वागतम. स्वागतातच सु आहे.' पानापानांवर लाल शाई. जिथं जिथं कंप्युटरनं ओळ खाल्ली होती तिथं समासात एकच शब्द, 'खोटे'. गजेंद्रला तेव्हा कुठं कळलं की तो एकटा श्रोता कोण.

शेवटचं पान अठराव्या भागाचं. त्यावर लिहिलं होतं, 'या भागात एकही चूक नाही.'

गजेंद्रनं प्रूफ पुढं केलं. "भाऊ, प्रणालीच्या पत्रिकेत... तुमचं नाव टाकू का?"

"घरच्याले विचारते का कोणी?" विजयभाऊ खेकसले. त्यांनी वहीत खोचलेला लाल पेन काढला, कोऱ्या ओळीवर ठसठशीत अक्षरांत आपलं नाव लिहिलं आणि प्रूफ खालपर्यंत वाचत गेले. मधेच थांबले. चष्मा वर केला.

"गज्या. आशीर्वाद. रफार अजूनही चुकलाच."

सावरगाववाला फिदीफिदी हसला.

गजेंद्रनं बाहीनं डोळे पुसले, स्टूल ओढून भावाच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "काढा, भाऊ. अजून चुका काढा."