तळ्यातली मोटर

लोरेन पेटिग्रू भांडायच्या तयारीनं बसली होती. समोर लॅपटॉप, बाजूला कॉफी आणि हॅम घातलेलं, पावासारखं मऊ अमेरिकी बिस्किट. पेटंटचे अर्ज तपासण्यात वीसेक वर्षं घालवली की माणसाला वकिलांशी भांडायची चटक लागते, आणि लोरेनला ती जरा जास्तच लागली होती. नन्नाचा पाढा तिच्याइतका खणखणीत कोणीच म्हणत नाही, असं तिच्या विभागातली मंडळी एकमेकांत बोलत. तिच्या कानावर ते आलं होतं आणि त्यात तिला स्तुतीच दिसली होती.

आजचं प्रकरण अपंगांच्या विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरच्या चाकाचं होतं. मिनेसोटातल्या डुलूथ गावच्या आयला कांगास नावाच्या बाईनं चाकाच्या पोटातच मोटर बसवली होती. बर्फाचा चिखल आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ आत जाऊ नये म्हणून चाक चारी बाजूंनी बंद केलं होतं. आतली उष्णता एका जाड अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅक्सलमधून, म्हणजे आसातून, खुर्चीच्या सांगाड्यात उतरत होती. लोरेननं जुनी पेटंटं उपसली आणि त्यातली दोन बाहेर काढली. एकात चाकाच्या पोटात मोटर होती, पण बाजूंनी उघडी. दुसऱ्यात मासेमारीच्या होडीची मोटर. तिला बंद झाकण होतं आणि पोकळ अ‍ॅक्सल होता. दोन्ही जोडली की झालं आयलाचं चाक. मग नवीन काय राहिलं?

तसं लिहून तिनं अर्ज नाकारला होता. या कामातल्या कोणाही जाणकाराला पहिल्या चाकावर दुसऱ्याचं झाकण आणि अ‍ॅक्सल बसवणं सहज सुचलं असतं, आणि त्यातून अपेक्षित तोच परिणाम मिळाला असता. यातला शेवटचा तुकडा तिचा नव्हताच. तो कॉम्प्युटरमध्ये तयार असतो, एक बटण दाबलं की उमटतो. सगळेच तपासनीस तो वापरतात. कायद्याला तो लागतो, आणि महिन्याच्या फाइली वेळेत संपवायच्या असतील तर त्यावर कोणी रेंगाळत नाही.

पडद्यावर आयलाचा वकील फिलिप ओस्टरमन आला. हा मिनियापोलिसचा गृहस्थ एरवी हवापाण्यावर दोन विनोद केल्याशिवाय मुद्द्यावर येत नसे. आज त्याच्या चेहऱ्यावर विनोदाचं नावनिशाण नव्हतं. शेजारच्या चौकटीत साठीच्या आसपासची एक बाई होती. अंगात बाप्यांचा मोठा चौकडीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या.

"मिसेस कांगासही आहेत आज," तो म्हणाला. "त्यांनी तुमचं चाक बनवलं."

"माझं?" लोरेन हसली. "मी कुठं चाकं बनवते? मी फक्त तुमची पंक्चर करते."

कोणी हसलं नाही.

"तुम्ही लिहिलं होतंत तसं," आयला म्हणाली. "पहिल्याचं चाक, दुसऱ्याचं झाकण, दुसऱ्याचाच अ‍ॅक्सल."

हा डाव लोरेनला पाठ होता. तपासनिसानं कागदावर जे जोडलं ते खरंच जोडायचं, ते चालत नाही असं दाखवायचं आणि तसं शपथेवर लिहून द्यायचं. त्यावरची उत्तरंही तिच्याकडे तयार होती.

"वजन किती दिलं होतंत? चालवलं किती वेळ? तापमान कोणी मोजलं? आधीच सांगते, घरच्या गॅरेजमधले आकडे मी मानत नाही."

"टेबलावर चालवलं. दुपारभर. छान चाललं."

लोरेनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "छान चाललं?"

"हो. मी फिलिपला फोन करून म्हटलं, त्या बाईंचं बरोबर आहे. माझं चाक महाग, त्यांचं स्वस्त, आणि दोन्ही सारखीच चालतात. अर्ज मागं घे."

इतक्या वर्षांत कोणी लोरेनला असं म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं. नंतर त्या क्षणाची तिला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

"मग आज भेटायचं कारण काय?" तिनं विचारलं.

ओस्टरमननं मान खाली घातली. आयलाच बोलली. "लेनर्ड म्हणाला, चांगलं आहे ना, मग हेच बसव माझ्या खुर्चीला."

"लेनर्ड कोण?"

"माझा नवरा. झाड अंगावर पडल्यापासून खुर्चीवर होता. माझं ते महागडं चाक मी त्याच्यासाठीच काढलं होतं, दुकानातली चाकं आमच्या हिवाळ्यात टिकत नाहीत." ती एका सुरात बोलत होती, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी. "आमचं घर चढावर आहे. रोज सकाळी तो खाली तलावाकाठी मित्रांबरोबर कॉफी प्यायला जायचा. उतारावर ही मोटरच ब्रेकचं काम करते आणि तेव्हाच खरी तापते. टेबलाला उतार नसतो, मिसेस पेटिग्रू. मला कळायला हवं होतं. मोटर हाच माझा धंदा आहे."

लोरेननं हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"आतली उष्णता आतच कोंडली. चुंबक चिकटवलेले असतात, तो गोंद मऊ पडला. एक चुंबक सुटला आणि मोटरीत अडकला. उजवं चाक जागीच थांबलं, डावं चालू होतं. खुर्ची गर्रकन फिरली आणि तो बाहेर फेकला गेला. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. शुद्धीवर आलाच नाही तो."

काहीतरी बोलायला हवं म्हणून लोरेन बोलली, आणि बोलली तेही भलतंच. "मला कोणी कळवलं नाही."

"तुमचा काय संबंध, असं आम्हाला वाटलं," आयला म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर लोरेनला सोसला असता.

"होडीच्या मोटरीचं पहिलं चित्र उघडा," ओस्टरमन हळूच म्हणाला.

तिनं उघडलं. झाकणाभोवती तिनंच काढलेलं लाल वर्तुळ होतं, अ‍ॅक्सलभोवती दुसरं. या चित्राकडे तिनं किती वेळा पाहिलं असेल. वर्तुळांच्या वर, चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एक नागमोडी रेघ गेली होती. ती पाण्याची रेघ होती. मोटर तिच्या खाली होती. झाकण घट्ट बंद असूनही ती मोटर तापत नव्हती, कारण अख्ख्या तळ्याचं गार पाणी तिच्या अंगावरून वाहत होतं. शाळकरी पोराला दिसली असती अशी ती रेघ. लोरेनला दिसली नव्हती, कारण तिला हवे होते ते भाग रेघेच्या खाली होते आणि ते तिला सापडले होते.

"पेटंट देते मी," ती म्हणाली. "आजच देते."

"पेटंटचं मागाहून बघू," आयला म्हणाली. "आधी तुमचं ते वाक्य काढून टाका."

"कोणतं?"

"सहज सुचलं असतं, आणि अपेक्षित तोच परिणाम. फाइल इंटरनेटवर आहे, कोणीही उघडून वाचतं. घरच्या घरी खुर्च्या बनवणारी माणसं वाचतात. अर्ज नाकारला म्हणजे बनवायला मोकळीक, आणि कसं बनवायचं ते सरकारनंच लिहून ठेवलंय. विस्कॉन्सिनमधल्या एकानं मला झाकणाचं माप विचारलं. लेकीसाठी बनवतोय. मी त्याला सगळं सांगितलं. तर म्हणतो, तुम्हाला तुमचं महागडं चाक खपवायचंय, तुम्ही असंच म्हणणार."

बोलणं संपलं तसा लोरेननं टेशोमेला फोन लावला. टेशोमे तिचा साहेब, पण दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, त्यामुळे साहेबपणा नावापुरता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा "देवा" म्हणाला, आणि मग साहेब झाला.

"फाइलमधून काही काढता येत नाही, लोरेन. तुला काय मी सांगायचं?"

"माहितीये."

"मग पेटंट दे आणि कारण म्हणून दोन ओळी लिही. अर्जदाराचं म्हणणं पटलं. संपलं."

"एवढ्यानं तो विस्कॉन्सिनचा माणूस थांबेल?"

"तो काय करतो ते आपण बघायचं नसतं. आपण कायदा लावतो, चाकं बनवायला सांगत नाही."

"मी सांगितलंय, टेशोमे. लिहून सांगितलंय. माणूस मेलाय."

"तू मारलेलं नाहीस."

"मग कोणी मारलं?"

"नीट ऐक माझं," तो म्हणाला. "तू चूक कबूल केलीस ना, तर आजवर तू ज्यांना ज्यांना नाही म्हटलंस त्यांचे वकील ते पान नाचवत येतील. वरचे लोक तुझ्या जुन्या फाइली उकरतील. पेन्शन तोंडावर आली असताना कशाला ओढवून घेतेस?"

"येऊ दे की. बघू दे त्यांनाही, कुठं कुठं तळं होतं ते." तिचा आवाज चिरकला. "सही माझी एकटीची चालते ना?"

"चालते."

"मग झालं."

टेशोमेनं सुस्कारा सोडला. "रडत लिहू नकोस. शांत हो आणि मग लिही."

ती शांत झाली नाही, पण तिनं लिहिलं. या वेळी तयार वाक्यांतलं एकही चालण्यासारखं नव्हतं. मी आधी सांगितलेली जोडणी चुकीची आहे. होडीची मोटर पाण्यात बुडालेली असते म्हणून तापत नाही, ही गोष्ट मी लक्षात घेतली नव्हती. तसं झाकण खुर्चीच्या चाकाला लावलं तर उतारावर मोटर तापते, चुंबक सुटतो आणि चाक अडकतं. अशा खुर्चीवर बसलेला एक माणूस मरण पावला आहे. हे चाक कोणीही बनवू नये. अर्जदारांच्या चाकात हा धोका नाही, कारण त्यांनी उष्णतेला बाहेर जायला वाट ठेवली आहे, आणि ती मला सहज सुचली नाही. खाली तिनं सही केली आणि मन बदलायच्या आत कागद रवाना केला.

मग तिनं ओस्टरमनला विचारून आयलाला फोन केला. अर्जदाराला असा थेट फोन करायची पद्धत नसते. "वाक्य काढता येत नाही," ती म्हणाली. "पण त्याच्यावर मी दुसरं लिहिलंय. आता फाइल उघडली की आधी तेच दिसेल."

तिनं ते वाचून दाखवलं. आयलानं मध्ये कुठंही अडवलं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "विस्कॉन्सिनला पाठवते. तुमचं तो ऐकेल." मग थांबून म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा ना."

"ते लिहिलंत तेव्हा तुम्हाला वाटलं होतं का, की चाक चालेल?"

लोरेनकडे याचं कायद्यातलं उत्तर होतं, चांगलं लांबलचक. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही.

"मी चाकाचा विचारच केला नव्हता," ती म्हणाली. "दोन चित्रांत मिळून सगळे भाग सापडतात का, एवढंच बघितलं."

"टेबलावर चाललं तरी माझं मन मानत नव्हतं," आयला म्हणाली. "मी लेनर्डला म्हटलं, थांब, मला अजून तपासू दे. तर तो मलाच हसला. म्हणाला, अगं वेडे, त्या बाईनं सरकारी कागदावर सही करून लिहून दिलंय. इतक्या खात्रीनं लिहायच्या आधी तिनं ते बनवून बघितलंच असणार."