एक वजा

तिने पेटीचा सहावा खण आत ढकलला आणि आधीच्या पाचांसारखा तोही खडखडत आत गेला. डावीकडे सरकवला की उजवीकडे करंगळी जाईल एवढी फट, उजवीकडे सरकवला की डावीकडे. तिने तो बाहेर काढला, उलटा करून पाहिला आणि पुन्हा घातला. उलटा केल्याने खण मोठा होत नाही हे तिलाही कळत होतं.

"मोठा झाला असता तर रंधा मारला असता," ती म्हणाली. "लहान झालेल्याचं काय करायचं, बाबा?"

बाबा कापायच्या मशीनपाशी उभे राहून चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"माप तू चुकीचं दिलंस."

"मी? सकाळी माप तुम्ही घेतलंत, स्वतःच्या हाताने. मी फक्त नीट लिहून काढलं."

"मग लिहिताना चुकलीस."

चोराच्या उलट्या बोंबा, असं अगदी ओठांवर आलं होतं. बापाला असं म्हणत नाहीत, म्हणून तिने ते गिळलं आणि खण टेबलावर आपटला. चांगल्या लाकडाचे सहा खण, दिवसभराचं काम, आणि एकही धड नाही.

मुळात पेटी हवी होती ती तिलाच. ड्रिलचे बिट, लाकडात खाचा पाडायच्या राउटरचे बिट, लहानमोठे पाने, सगळं चाळीस वर्षं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात राहत आलं होतं आणि बाबा डोळे मिटून त्यातून हवं ते काढायचे. हल्ली सापडत नव्हतं. एकदा तासभर शोधलेला बिट त्यांच्याच खिशात निघाला. काखेत कळसा, म्हणून दोघंही पोट धरून हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं तेव्हा ती एकटीच हसली. मग तिने ठरवलं, सहा खणांची पेटी करायची, प्रत्येक खणावर आत काय आहे त्याची चिठ्ठी.

"चिठ्ठ्या कशाला?" बाबा तेव्हाच भडकले होते. "मी काय बालवाडीत आहे, मास्तरीणबाई?"

आता ती हात झटकत म्हणाली, "उद्यापासून कापायचं काम मी करणार."

"या मशीनवर?"

"दुसरं आहे का आपल्याकडे?"

"मी उभा आहे तोवर या मशीनला कुणी हात लावायचा नाही." एवढं म्हणून ते चहा प्यायला बाहेर निघून गेले. दार त्यांनी आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. त्याचा तिला जास्त राग आला.

चूक कुणाची हे आज दाखवूनच द्यायचं, या हट्टाने तिने बाबांची टेप काढली. या टेपचं टोक केव्हाच तुटलं होतं, त्यामुळे मोजायचं ते एकच्या आकड्यापासून. इथला नियम तिला लहानपणापासून पाठ होता. मोजणाऱ्याने दिसेल तो आकडा सांगायचा, कापणाऱ्याने त्यातून एक वजा करायचा. तिने आणलेली नवी टेप खिळ्याला लटकत होती, अजून वेष्टनातच. बाबांचा हात म्हणे जुनीवर बसला होता.

पेटीच्या आत टेपवर एकतीस दिसले, म्हणजे तीस सेंटीमीटर. तिच्या सुवाच्य यादीत तीसच होते. मग खण एकोणतीसचे कसे झाले?

टेबलाखालच्या ढिगातून तिने सकाळचा प्लायचा तुकडा ओढून काढला. बाबांच्या हातचा आकडा, तीस. म्हणजे एक त्यांनी आधीच वजा केला होता. आणि दुपारी तिच्या अक्षरातले तीस पाहून पुन्हा केला. सापडली चूक! तुकडा घेऊन ती दारापर्यंत गेली.

तिथल्या उजेडात तिला तीसच्या शेजारची खूण दिसली. शाळेत गणित बरोबर आल्यावर मिळते तशी. यादी करताना ती खूण तिने पाहिली होती आणि पेन्सिलीचा फराटा समजून सोडून दिली होती.

ती परत ढिगाशी बसली. बाबा मापाचा एकही तुकडा टाकत नसत. मागच्या वर्षीच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या तुकड्यावर नुसते आकडे होते. पुस्तकांच्या मांडणीच्या तुकड्यावर प्रत्येक आकड्याशेजारी एक खूण. गेल्या महिन्यातल्या खिडकीच्या तुकड्यावर दोन-दोन, त्यातली दुसरी इतकी दाबून काढलेली की लाकडात रुतली होती. पहिली म्हणजे, वजा केला. दुसरी म्हणजे, खरंच केला.

तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. विसरणं वाढलंय हे बाबांना कळू नये म्हणून ती पेटीचा घाट घालत होती, आणि त्यांना कधीचं कळलं होतं.

बाबा परत आले तेव्हा मशीनवर प्लायचा एक नवा तुकडा होता. त्यावर तिच्या अक्षरात तीस आणि शेजारी एक खूण.

"पुन्हा मोजलं," ती पेन्सिलीला टोक काढत म्हणाली. "खण परत करू. कापा तुम्ही."

बाबांनी तुकडा हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. एका आकड्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी फळी लावली आणि मशीन सुरू केलं.

पहिला खण तयार झाला तो मुकाट्याने आत गेला, कुठेही न वाजता. बाबांनी तो दोनदा उघडला, दोनदा बंद केला.

"त्या चिठ्ठ्या लावणार होतीस ना," ते पाठमोरेच म्हणाले, "अक्षर जरा मोठं काढ."